प्रेमगीतांत पाखंड लपलं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर पंथाचा चर्चने नायनाट केला, तेव्हा त्या लोकांनी आपली शिकवण त्रुबादूरांच्या, म्हणजे तिथल्या लोकभाषेत गाणी रचणाऱ्या कवींच्या, प्रेमगीतांत आणि 'होली ग्रेल' या पवित्र पात्राच्या कथांत दडवून ठेवली, हे खरं का? आणि नसेल, तर पाखंड आणि मध्ययुगीन रोमान्स यांचा एकमेकांशी संबंध तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि मला विचाराल तर गुपिताच्या गोष्टीपेक्षा जास्त रंगतदार. बावीस वर्षं हे साहित्य शिकवते आहे. दर वर्षी पहिल्याच महिन्यात कुणीतरी विद्यार्थी वर्ग सुटल्यावर टेबलाशी रेंगाळतो आणि आवाज खाली आणून हेच विचारतो. त्याच्या डोळ्यांतली चमक घालवायला जिवावर येतं, पण इलाज नाही.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. 'रोमान्स' म्हणजे आपल्या डोक्यात येतो तो सिनेमातला प्रकार नव्हे. जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्झ' म्हणजे लॅटिन नसलेली, लोकांच्या तोंडची भाषा. त्या भाषेत लिहिलेल्या लांब पद्यकथेलाच पुढे तेच नाव पडलं. आणि 'पाखंड'साठी युरोपात जो शब्द रुळला, त्याच्या मूळ ग्रीक रूपाचा अर्थ नुसता 'निवड'. स्वतःला कुणी पाखंडी म्हणवत नसे. आपण ज्यांना कॅथर म्हणतो त्यांना त्यांच्या गावचे लोक 'बोन्स ओमेस' म्हणत, म्हणजे 'चांगली माणसं'. त्यांचं खरंच एखादं संघटित चर्च होतं, की तो आकार बराचसा चौकशी करणाऱ्यांनीच कागदावर दिला, यावर इतिहासकारांचं आज कडाक्याचं भांडण चालू आहे. त्यात मी इथे शिरत नाही.

गुपिताची ही कल्पना आली कुठून? मोंसेग्युर या कॅथरांच्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी, 'जाळलेल्यांचं कुरण' म्हणतात त्या जागी, १९६० साली उभारलेला एक दगडी स्तंभ आहे. त्यावर ओक्सितान, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेत कोरलंय: कॅथरांना, शुद्ध ख्रिस्ती प्रेमाच्या हुतात्म्यांना, १६ मार्च १२४४. त्या दिवशी किल्ला खाली केल्यावर दोनशेहून जास्त माणसांना तिथे एकत्र जाळलं. माणसं वर जातात, पडक्या भिंतींवरून हात फिरवतात आणि भारावून खाली येतात. त्या भिंती कॅथरांच्या नाहीत, किल्ला पडल्यावर नव्या मालकांनी बांधलेल्या आहेत, हे सांगितलं की चेहरे पडतात. स्तंभावरचे ते 'शुद्ध प्रेम' हे शब्द बघा. त्रुबादूरांचं प्रेम आणि पाखंड्यांची श्रद्धा यांची गाठ त्या दोन शब्दांत आपोआप पडते, आणि ती गाठ विसाव्या शतकातली आहे.

ती घट्ट केली दोघांनी. ओटो रान या जर्मन तरुणाने १९३३ साली पुस्तक लिहून मोंसेग्युर म्हणजेच ग्रेलचा किल्ला असं ठासून सांगितलं. पुढे तो हिमलरच्या एस.एस. या नाझी दलात गेला आणि १९३९ साली टिरोलच्या डोंगरांत गारठून मेलेला सापडला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या दनी द रुजमोंने बरंच अभ्यासू पुस्तक लिहिलं: पाश्चात्त्यांचं झुरणारं, अपूर्ण राहण्यातच धन्यता मानणारं प्रेम हे मुळात कॅथरांच्या देहद्वेषातून आलेलं आहे, असा त्याचा रोख. रान सोडून द्या. रुजमों मात्र वाचण्यासारखा आहे, चुकला असला तरी.

चुकला कुठे? एक तर काळात. ज्याच्या रचना हाती आहेत असा पहिला त्रुबादूर म्हणजे आक्विटेनचा ड्यूक नववा गिल्येम. तो ११२६-२७च्या सुमारास वारला. तेव्हा त्या मुलखात कॅथरांचा मागमूस नाही. त्यांच्याविषयी ठोस कागद सापडू लागतात ते शतकाच्या मध्यानंतर. आणि या गिल्येमचं 'शुद्ध प्रेम' कसलं, तर एका गोड वसंतगीतात तो देवाकडे मागणं मागतो की तिच्या झग्याखाली हात घालता येतील इतकं आयुष्य तेवढं दे. यातून देहत्याग काढायचा म्हणजे फारच मेहनत घ्यावी लागते.

दुसरी चूक शिकवणुकीत. कॅथरांच्या मते हे दृश्य जग सैतानाची करणी, देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, आणि मूल जन्माला घालणं म्हणजे आणखी एक आत्मा कोंडणं. दीक्षा घेतलेले मांस, अंडी, चीज शिवत नसत, मासे चालत. स्त्रीसंग वर्ज्य, मग ती स्वतःची बायको असो की दुसऱ्याची, पाप सारखंच. आता त्रुबादूर बघा. त्याला हवा असतो 'जोई', म्हणजे अंगभर उसळणारा आनंद. पाखरं, हिरवळ, एप्रिल, आणि ती. सुमारे २,५०० गाणी हाती आहेत. त्यांतून कॅथर सिद्धांत शोधायला बसलेले बहुतेक जण हात हलवत परत आले.

आणखी एक गोष्ट, जी मराठी वाचकाला पटकन पटेल. गुप्त साहित्य म्हणजे काय ते आपण पाहिलेलं आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले. पण तिथे लिपीची किल्ली होती, ती जपणारे मठ होते, पिढ्यान्‌पिढ्या वाचणारे होते. म्हणून तर विसाव्या शतकात ती उलगडली. जिथे किल्ली नाही, किल्ली राखणारा नाही, आणि सातशे वर्षांनी आलेल्या माणसालाच काय ते 'गुपित' दिसतं, तिथे मी तरी गुपित मानत नाही.

मग संबंध काय? पहिला संबंध शेजाराचा. त्रुबादूर आणि 'चांगली माणसं' एकाच किल्ल्यांत, एकाच वाड्यांत वावरत. फ्वाच्या काउंटची सख्खी बहीण एस्क्लारमोंद हिने १२०४ साली फांजो इथे पंथाची दीक्षा घेतली. तूलूझच्या बिशपाने एका सरदाराला विचारलं, की या लोकांना हाकलून का देत नाही? त्याचं उत्तर एका इतिवृत्तात टिपलेलं आहे: आम्हाला जमणार नाही. आम्ही त्यांच्यातच वाढलो, आमचे नातेवाईक त्यांच्यात आहेत, आणि ते किती नेकीने जगतात हे आम्ही रोज बघतो.

प्रश्न विचारणारा तो बिशप कोण होता? फोल्केत द मार्सेल्या. व्यापाऱ्याच्या घरातला, तरुणपणी नावाजलेला त्रुबादूर, प्रेमगीतांचा उस्ताद. पुढे विरक्ती आली, सिस्टर्शियन संघाचा साधू झाला, आणि १२०५ साली तूलूझचा बिशप. पाखंड्यांच्या मागे तो हात धुऊन लागला. म्हातारपणी एखाद्या गवयाने त्याचंच जुनं गाणं म्हटलेलं कानावर पडलं, की प्रायश्चित्त म्हणून तो त्या जेवणात फक्त पाव आणि पाणी घेई, अशी आख्यायिका आहे. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला स्वर्गात बसवलंय. त्रुबादूर हेच पाखंडी म्हणणाऱ्याला मी नेहमी या फोल्केतचं नाव सांगते.

दुसऱ्या टोकाला रेमोन द मिराव्हाल. कार्कासोनजवळच्या लहानशा किल्ल्यात याचा जेमतेम चौथाई वाटा. संपत्ती म्हणजे गाणी. १२०८च्या जानेवारीत पोपच्या दूताचा खून झाला, १२०९ साली उत्तरेकडून पाखंड्यांविरुद्धचं धर्मयुद्ध चालून आलं, २२ जुलैला बेझिए शहर कापून काढलं गेलं, आणि धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर एकेक गढी गिळत सुटला. त्यात मिराव्हालही गेलं. रेमोनने आरागॉनच्या राजाला उद्देशून गाणं रचलं. त्याचा आशय असा, की राजा, माझं मिराव्हाल परत मिळवून दे, म्हणजे स्त्रिया आणि त्यांचे प्रेमिक गमावलेल्या आनंदात परत येतील. राजा आला, आणि सप्टेंबर १२१३ मध्ये म्युरेच्या लढाईत ठार झाला. गाण्याचं खरं नुकसान इथे झालं. कवितेत पाखंड होतं म्हणून कविता मारली गेली असं नाही. कवीला घोडा, कपडे आणि हिवाळ्यात छप्पर देणारी घरंच बुडाली.

या युद्धावर एक मोठं वीरकाव्यही आहे, दोन हातांनी लिहिलेलं. पहिला कवी धर्मयुद्धाच्या बाजूचा. त्याचं लिहिणं अर्ध्यात थांबतं आणि दुसरा, निनावी, कथा उचलतो. तो मनापासून तूलूझचा. १२१८ साली तूलूझच्या वेढ्यात तटावरच्या बायका, मुली गोफणयंत्र चालवत होत्या. तिथून सुटलेला धोंडा, हा कवी म्हणतो, सरळ जिथे पडायला हवा होता तिथेच पडला, मोंफोरच्या डोक्यात. मग त्याच्या कबरीवरच्या स्तुतिलेखाची तो अशी खिल्ली उडवतो: माणसं मारून, रक्त सांडून, बायकापोरांची कत्तल करून या जगात येशू मिळत असेल, तर हा खुशाल मुकुट घालून स्वर्गात झळको. पण हा कवी पाखंडी नाही, पक्का कॅथलिक आहे. धर्मयुद्धाचा तिटकारा वेगळा आणि पाखंड वेगळं. आजच्या लेखांत हा फरक सर्रास पुसला जातो.

आता ग्रेलकडे. इथे तर गोष्ट पार उलटी आहे.

ग्रेल कथेत आणला फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्रुआने, ११८०च्या दशकात, फ्लँडर्सचा काउंट फिलिप याच्यासाठी. प्रस्तावनेत क्रेतियाँ धन्याची स्तुती करतो: हा न्याय, निष्ठा आणि पवित्र चर्च यांवर प्रेम करणारा. ती नुसती भाटगिरी नव्हती. ११८३च्या सुमारास याच फिलिपने रॅन्सच्या आर्चबिशपबरोबर बसून आरासमध्ये पाखंड्यांचे खटले चालवले आणि त्यांना जाळलं. तो आर्चबिशप म्हणजे क्रेतियाँची आधीची आश्रयदाती, शांपान्यची मारी, हिचा दीर. म्हणजे पाखंड्यांचं गुपित म्हणून मिरवली जाणारी कथा पाखंडी जाळणाऱ्याच्या दिवाणखान्यात जन्मली. वर्गात मी एवढंच सांगून थांबते. पुढचं काम शांतता करते.

आणि ग्रेलमध्ये असतं काय? कथेतला संन्यासी नायक पर्सेव्हालला सांगतो, त्यात मोठा मासा, सॅल्मन वगैरे काही आहे असं समजू नकोस. त्यात असतो एकच पवित्र होस्ट, प्रभुभोजनाची ती पातळ पोळी, आणि तेवढ्यावर म्हातारा राजा जगतो. आता त्याच काळातली पाखंड्यांची टिंगल ऐका. चर्चच्या बाजूने लिहिणाऱ्या एकाने ती टिपून ठेवली आहे: ख्रिस्ताचं शरीर आल्प्सएवढं असतं तरी आतापर्यंत खाऊन संपलं असतं! एकीकडे ही थट्टा, दुसरीकडे एका पोळीवर वर्षानुवर्षं तगलेला राजा. १२१५च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने पोळीचं खरोखर देहात रूपांतर होतं हे अधिकृत शब्दांत नोंदवलं, आणि १२२५च्या आसपासच्या गद्य ग्रेलकथेत तर चेहरा ज्वाळेसारखा लाल असलेलं बालक सगळ्यांदेखत त्या पोळीत शिरतं. पाखंडाचं हे भांडार कसं म्हणायचं? मला ते पाखंडाला दिलेलं उत्तर वाटतं, फार देखणं उत्तर.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा: जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखचा 'पार्त्सिफाल', १२१०च्या आसपासचा. त्याचा ग्रेल म्हणजे एक पाषाण. नायक आपली पापं कबूल करतो ती पाद्र्यासमोर नाही, तर मामासमोर, आणि मामा साधा गृहस्थ, पूर्वीचा योद्धा. तो भाच्याला सांगतो की देव-सैतानाच्या लढाईत ज्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही असे देवदूत हा पाषाण सांभाळत होते. ऐकायला हे चर्चच्या चौकटीबाहेरचं. पण कथा संपत आल्यावर तोच मामा म्हणतो, मी तुझ्याशी खोटं बोललो होतो. वोल्फ्राम घाबरला? की मामाचं माणूसपण दाखवतोय? मला दुसरं वाटतं, पण पैज लावणार नाही. राहिला ग्रेलचा किल्ला मुन्साल्वेशे आणि मोंसेग्युर यांच्या नावांतला सारखेपणा. मोंसेग्युर पंथाचं मुख्य ठाणं झालं १२३२ साली. तोवर 'पार्त्सिफाल' लिहून वीस वर्षं उलटली होती.

तिसरा संबंध मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो भाषेचा आहे. त्यासाठी कॅथर सोडून लियों शहराला जावं लागेल. ११७३च्या सुमारास एका रविवारी तिथला श्रीमंत व्यापारी वाल्देस रस्त्यात जमलेल्या गर्दीत उभा राहिला. एक जाँग्लर, म्हणजे गावोगाव गाऊन पोट भरणारा कलावंत, संत आलेक्सिसची कथा गात होता: लग्नाच्या रात्री घर सोडून गेलेला, पुढे स्वतःच्याच बापाच्या जिन्याखाली भिकारी म्हणून राहिलेला आणि तिथेच मेलेला. वाल्देसला ते इतकं लागलं की त्या गवयाला तो घरी घेऊन गेला आणि सगळी गोष्ट नीट ऐकली. पुढे संपत्ती वाटून टाकली, पैसे मोजून शुभवर्तमानं बोलीत उतरवून घेतली आणि चौकात उपदेश करू लागला. चर्चने बहिष्कृत केलं, आणि वाल्देन्स पंथ शतकानुशतकं छळ सोसत टिकला. म्हणजे मध्ययुगातल्या एका मोठ्या पाखंडाची सुरुवात रस्त्यावरच्या लोकभाषेतल्या कथागीतातून झाली. इथे काही लपलेलं नाही. भर बाजारात घडलेलं आहे.

चर्चला भीती वाटली ती याचीच. १२२९च्या तूलूझ परिषदेने सामान्य माणसाला घरी बायबल ठेवायला मनाई केली. आणि १२७४ सालचा तूलूझचाच एक प्रसंग मला फार आवडतो. बेर्नार रेमोन बारान्योन नावाच्या व्यापाऱ्याला इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, विचारलं: 'फसवी रोम' अशी सुरुवात असलेलं, 'रोमान्झ भाषेतलं बायबल' म्हणतात ते पुस्तक तुझ्याकडे होतं का? तो म्हणाला, पुस्तक नव्हतं, पण फिगेराची काही कडवी ऐकलीत, आणि म्हणून दाखवली. रोमला शिव्यांची लाखोली वाहणारं ते गाणं गिल्येम फिगेराने जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी रचलेलं होतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात लोकभाषेतलं बायबल आणि लोकभाषेतलं टवाळीचं गाणं ही दोन्ही एकाच फडताळात होती. व्यापाऱ्याला मात्र ती चालीसकट पाठ!

तशीच गत पेइरे कार्देनालच्या गाण्याची. 'पाद्री होतात मेंढपाळ, आणि असतात खाटीक', अशी त्याची सुरुवात. कुत्र्यांच्या भीतीने मेंढीचं कातडं पांघरून मेंढवाड्यात शिरू पाहणारा इझेंग्रिन लांडगा त्यात येतो. तो लोककथेतला, सगळ्यांच्या ओळखीचा. हे गाणं पामिएच्या कॅथीड्रलमध्ये म्हटलं गेल्याची साक्ष चौदाव्या शतकातल्या तपासाच्या दप्तरात आहे. कार्देनालने मेरीमातेचं स्तोत्रही रचलंय. बोलणं तिखट, श्रद्धा शाबूत.

काय खपत होतं आणि काय नव्हतं, याचा अंदाज बांधणं सोपं नाही. 'फ्लामेन्का' नावाचा ओक्सितान रोमान्स घ्या. त्याचं एकुलतं हस्तलिखित कार्कासोनच्या ग्रंथालयात आहे. नवऱ्याने संशयाने कोंडून ठेवलेली बाई फक्त चर्चला जाऊ शकते. प्रियकर केस भादरून चर्चचा सेवक बनतो आणि चुंबनासाठी स्तोत्रांचं पुस्तक पुढे करताना एका वेळी एकच शब्द-दोन शब्द कुजबुजतो. 'हाय रे!' पुढच्या वेळी ती: 'का कण्हतोस?' मग तो: 'मरतोय.' 'कशाने?' 'प्रेमाने.' 'कुणासाठी?' 'तुमच्यासाठी.' एवढ्या संभाषणाला कित्येक आठवडे, आणि सगळं ऐन उपासनेत. या कथेवर कुणी खटला भरल्याचं मला कुठे आढळलेलं नाही. उलट प्रेमाचे नियम शिस्तशीर लॅटिनमध्ये मांडणारा आन्द्रेआस कापेल्लानुसचा ग्रंथ मात्र ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसच्या बिशपाने नाव घेऊन निषिद्ध ठरवला. गोष्ट सांगितली तर चालत होतं. सिद्धांत मांडला की पंचाईत.

आणि शेवटी मार्गरीत पोरेत. रोमान्स आणि पाखंड यांची खरी, कागदोपत्री गाठ कुठे दिसते असं विचाराल तर मी हिच्याकडे बोट दाखवीन. फ्रान्सच्या उत्तर सीमेवरच्या व्हालेन्सियेनशी जोडलेली ही बेगीन, म्हणजे मठाची कायमची शपथ न घेता धर्मजीवन जगणारी बाई. तिने फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं, 'साध्या आत्म्यांचा आरसा'. त्याची सुरुवात अशी: एका राजाच्या मुलीने आलेक्झांडर राजाच्या औदार्याची कीर्ती ऐकली आणि न बघताच त्याच्यावर जीव जडवला. तो फार दूर. शेवटी मनातल्या रूपाबरहुकूम तिने त्याचं चित्र काढवून घेतलं आणि त्या चित्राच्या आधाराने त्याचीच स्वप्नं पाहू लागली. हे सरळसरळ रोमान्समधून उचललेलं आहे. मग आत्मा म्हणतो, माझंही असंच झालं. माझा राजा दूर होता, त्याने मला हे पुस्तक दिलं. देवाला ती 'दूरजवळ' असं एक जोडनाव देते. पुस्तकात प्रेम नावाची बाई, बुद्धी नावाची बाई आणि आत्मा यांची खडाजंगी चालते, दरबारातल्या सुखवस्तू बायकांसारखी. एका टप्प्यावर बुद्धी चक्क मरून पडते. प्रेमात विरून गेलेल्या आत्म्याला सद्गुणांची चाकरीही करावी लागत नाही, हे त्यातलं खरं स्फोटक वाक्य.

काम्ब्रेच्या बिशपाने ते पुस्तक तिच्यादेखत व्हालेन्सियेनला जाळलं. तिने ते तरीही लोकांना दिलं. १३०८ साली ती पकडली गेली. जवळपास दीड वर्ष तिने ना शपथ घेतली, ना एका प्रश्नाला उत्तर दिलं. एकवीस धर्मशास्त्र्यांपुढे पुस्तकातली वाक्यं सुटी काढून ठेवण्यात आली. कथेच्या आधाराने उभं राहिलेलं वाक्य तसं एकटं काढलं की ते सिद्धांतच दिसतं. १ जून १३१० रोजी पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात तिला जाळलं.

पुस्तक मात्र नाव गाळून फिरत राहिलं. लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, इंग्रजीत. साधू आणि जोगिणी ते भक्तिग्रंथ म्हणून वाचत. १९२७ साली एका कॅथलिक मालिकेत ते 'अज्ञात फ्रेंच साधकाचं' म्हणून छापूनही आलं. लिहिणारी कोण हे रोमाना ग्वार्निएरी या इटालियन विदुषीने १९४६ साली ओळखलं, आणि तो शोध जाहीर झाला तो व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्रात.